ओळीच्या शेवटचा ठिपका

विमलताई, जुळलं!

तीन आकडे जुळले. नऊ, चौदा आणि अकरा. मंगळवारी दुपारी मी मायक्रोफिल्मच्या मशीनपुढे हँडल फिरवत बसले होते. इथल्या यादवी युद्धातल्या एका उत्तरेकडच्या कर्नलच्या पत्रांची रीळ एकदाची आली होती. पडद्यावर ‘चौदा गाड्या’ हे शब्द आले आणि मी चक्क ओरडले. ज्या खोलीत वीस वर्षं लोकांना बोटानं गप्प करत आले, त्याच खोलीत. शेजारच्या मशीनवर एक म्हातारे गृहस्थ रोज आपल्या पणजोबांचा शोध घेत बसतात. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "सापडली का तुमची माणसं?"

मी "हो" म्हणाले. खुलासा करत बसले नाही.

मग खाली जाऊन पब्लिक फोनवरून तुझा नंबर लावला. बोटं आपोआप फिरली. चार रिंग झाल्यावर तुझा आवाज आला, "विमल इज नॉट ॲट होम. प्लीज स्पीक स्लोली." तुझ्या लेकीनं, मैत्रीनं, अजून तुझा मेसेज बदललेला नाही. बीप वाजला. हळूच बोलायला माझी ना नव्हती गं, ती तर माझी सवयच. पण कुणाशी? तुला जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

म्हणून लिहिते आहे. तू म्हणायचीस, "ही लायब्ररी तोंडानं एक वाक्य बोलायला तास लावते आणि कागद दिला की सुटते." बघ, सुटले.

आपली ओळख डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसमध्ये झाली. मी दांड्याला धरून उभी, दुसऱ्या हातात पुस्तक. तू समोरच्या सीटवर, मांडीवर मेथीच्या सहा जुड्या. माझ्या पिशवीतून बाहेर आलेला भाकरीच्या पिठाचा पुडा बघून तू ओळखलंस आणि पहिलंच वाक्य मराठीत टाकलंस, "काऊन, पुढच्या स्टॉपला पडशील तर पुस्तक पकडेल का तुला?" मी गांगरून "नाही, तुमचं बरोबर आहे" असं काहीतरी पुटपुटले. "अहो-जाहो नको करू बाप्पा, मी काय तुझी सासू आहे? ताई म्हण." मी उतरायच्या आधी तुला माझी नोकरी, माझं पुणं, माझं एकटं राहणं सगळं ठाऊक झालं होतं. मला तुझ्याबद्दल एवढंच कळलं होतं की तू नर्स आहेस, नागपूरकडची आहेस आणि मेथी निवडायला तुला सोबत हवी आहे.

त्या दिवसापासून मी ‘लायब्ररी’. वसुधा हे नाव तू फक्त रागावलीस की घ्यायचीस.

आणि ती वही. मिसेस रॉसना कमरेचं हाड मोडून तुझ्या वॉर्डात आणलं तो हिवाळा मला आठवतो, कारण त्या हिवाळ्यात तुझ्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. नव्वदीची काळी बाई, दात सगळे शाबूत, रोज सकाळी वेणी घालून घेतल्याशिवाय ब्लडप्रेशर मोजू द्यायची नाही. तू तिची वेणी घालायचीस आणि ती तुला आपल्या आजीच्या गोष्टी सांगायची. तिच्या आईची आई, डेलिया. व्हर्जिनियातल्या एका गावातली सुईण. गुलामगिरीच्या मुलखात जन्मानं मोकळी असलेली काळी बाई. आसपासच्या दहा-बारा मैलांत गोऱ्यांच्या काय, काळ्यांच्या काय, सगळ्या बाळंतिणींना तीच लागायची.

"आणि युद्धात," मिसेस रॉस म्हणायच्या, "आजी दोन्ही बाजूंची बाळं धरायची, पण बातम्या एकाच बाजूला सांगायची."

दक्षिणेच्या पलटणीच्या गाड्या किती गेल्या, कुठल्या रस्त्यानं गेल्या, हे नदीपलीकडच्या उत्तरेच्या सैन्याला ही बाई नेऊन सांगायची म्हणे. पकडली गेली असती तर फाशीच. हे त्यांच्या घरात चार पिढ्या सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणीच मानलं नव्हतं. शाळेत असताना मिसेस रॉसनी निबंधात लिहिलं, तर बाईंनी तांबड्या शाईनं विचारलं होतं, ‘हे कशावरून?’ ती गोष्ट नव्वदीतही त्या शब्दन्शब्द सांगायच्या, असं तू मला सांगितलंस.

घरी परतल्यावर त्यांनी तुला ती वही दाखवली आणि तू पहिल्यांदा मला कामाला लावलंस. तळहाताएवढी, कातडी पुठ्ठ्याची. एकही अक्षर नाही. डेलियाला लिहिता येत नाही असाच गावाचा समज होता, आणि कदाचित खरंच येत नसेल. पण प्रत्येक बाळाची एक ओळ होती. आधी घराची खूण: विहीर, घोडा, चिंचोळी खिडकी. मग मुलगी असेल तर गोल, मुलगा असेल तर उभी काडी. मग कळांचे जितके तास, तितक्या बारीक रेघा. आणि ओळीच्या शेवटी एक भरीव ठिपका. रविवार आला की पानभर आडवी रेघ.

मी पाण्याची फुलपात्रं दूर ठेवून, हात धुऊन, पुसून ती वही उघडली होती. तू मेथीच्या हातानं पान उलटायला निघालीस आणि मी किंचाळले. तू म्हणालीस, "अगं, ज्या हातांनी ही वही लिहिली ते हात कशात बुडालेले असायचे, माहीत आहे का तुला?"

ठिपक्याचा अर्थ मला कळला नसता. शंभर वर्षं घेतली असती तरी नाही. मी तो पूर्णविराम समजले होते! तू वही डोळ्यांजवळ धरलीस, आणि मग तुझा चेहरा असा काही झाला की मला वाटलं तुला भोवळ येते आहे.

"वार," तू म्हणालीस. "लायब्ररी, ही वार आहे."

मग तू तुझ्या आईचं सांगितलंस. तिच्याबद्दल तू त्याआधी कधी बोलली नव्हतीस. भंडाऱ्याकडच्या गावातली सुईण. लिहिणं-वाचणं नाही. मूल झालं की ती आपल्या झोपडीच्या दारामागं कोळशानं रेघ ओढायची, आणि मागून वार, म्हणजे नाळेचा गोळा, पूर्ण पडली असली तर रेघेपुढं ठिपका. "मूल बाहेर आलं म्हणजे बाळंतपण झालं, असं बापयांना वाटतं. सुईणीचा जीव वारेत असतो. वार पडल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. तुकडा आत राहिला तर बाई रक्त जाऊन मरते." आणि मग हसून म्हणालीस, "मोठ्या घरात आईला फक्त त्या खोलीत प्रवेश. बाराव्या दिवशी तीच खोली सारवून शुद्ध करायचे. पण तोवर तिच्यासमोर सगळे सगळं बोलायचे. कोण कुणाची जमीन दाबणार, कुणाचं लग्न मोडणार. आईसमोर काय लपवायचं? भिंतीसमोर कुणी लपवतं का?"

खात्री कशानं झाली, ते तर मी अजून लोकांना रंगवून सांगते. वहीत एकाच ओळीच्या शेवटी पोकळ ठिपका होता. तू फोन उचललास आणि मिसेस रॉसना विचारलंस, तुमच्या आजीच्या हातून कुठली बाळंतीण गेली होती का? पलीकडून उत्तर आलं, "एकच. डॉक्टरची बायको. आजी मरेपर्यंत तिच्यासाठी रडायची." त्या बाईच्या थडग्यावरची तारीख त्यांच्या भाच्यानं कळवली आणि तिथून रविवार मोजत आपण सगळ्या ओळींना तारखा लावल्या. तुझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, फोटोकॉपी पसरून, तीन शनिवार. मैत्री फ्रिजमधून ज्यूस घेताना म्हणायची, "आई, यू टू आर सो वीअर्ड." तू म्हणायचीस, "मराठीत बोल." ती म्हणायची, "तुम्ही दोघी वीअर्ड आहात."

किती मजा आली गं त्या तीन शनिवारी. हे मी तुला कधी म्हणाले नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक देत आले. ते तीन शनिवार माझे होते.

तिसऱ्या शनिवारी तू पेन्सिल टेबलावर आपटलीस. युद्धाच्या महिन्यांत पंधरा ओळी अशा होत्या की त्यांच्या शेवटी ठिपकाच नव्हता. पोकळ नाही, भरीव नाही. काहीच नाही.

"ही बाळं झालीच नाहीत," तू म्हणालीस. "या रेघा तासांच्या नाहीत. गाड्यांच्या आहेत."

"विसरली असेल," मी म्हणाले.

"सुईण वार विसरत नाही."

"हेर असती तर लिहून कशाला ठेवलं असतं?"

"मग बारा मैल चालत जाऊन सांगायचं लक्षात कसं ठेवणार? गस्तवाल्यांनी पिशवी उलटी केली तर काय पडणार? कात्री, दोरा, चिंध्या आणि बाळांची वही. कोणता बापया ती वही वाचत बसेल? हे बघ, एकतीस तास कळा, आणि त्याच दिवशी पाच मैलांवर दुसऱ्या घरी बाळ. उडत गेली काय?"

"रेघ म्हणजे तास, हेसुद्धा आपणच ठरवलंय, ताई."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मैत्रीकडे बघायचीस, तिनं पोळीवर केचप घेतलं की.

पुढचं भांडण मी टाळून लिहिणार होते. पण तू टाळू दिलं नसतंस. मिसेस रॉसच्या चर्चमधल्या बायका मार्चमध्ये तळघरातल्या हॉलमध्ये आपल्या आज्या-पणज्यांचं प्रदर्शन मांडणार होत्या. डेलियाच्या फलकावरचा मजकूर आपण दोघींनी लिहायचा, खाली दोघींची नावं. एकच वाक्य अडलं. तुला हवं होतं: ‘युद्धात ती शत्रूच्या हद्दीत राहून हेरगिरी करत होती.’ मी त्या वाक्याच्या आधी लिहिलं: ‘असं म्हणतात की.’

"म्हणतात म्हणजे कोण म्हणतात?" तू विचारलंस. "तिची नात म्हणते. अजून कोणी पाहिजे?"

मला पुरावा पाहिजे होता. आणि त्या दिवशी माझ्याकडे तुझ्याविरुद्ध पुरावा होता, ताई, त्याचा मला आनंद झाला होता हेही कबूल करते. पंधरा ओळींतली एक ओळ: घराच्या जागी कात्रीची खूण, गोल म्हणजे मुलगी, शेवटी ठिपका नाही. ती तारीख मी मिसेस रॉसच्या घरच्या बायबलमधल्या नोंदींशी ताडून बघितली होती. त्या दिवशी खरंच एक मुलगी जन्मली होती. खुद्द मिसेस रॉसची आई. "हे बघ, ठिपका नाही आणि बाळ मात्र खरं. आता काय म्हणशील?" मी विचारलं. एक ओळ खोटी पडली की बाकीच्या चौदांवर कोण विश्वास ठेवणार?

तू कागद जवळ ओढलास. तिथं मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "तुला हे खरं असायला हवंय, म्हणून तुला ते दिसतंय."

"आणि तुला, वसुधा?" तू अगदी हळू म्हणालीस. "तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ कुणी कापली? नाव सांग तिचं."

मी पर्स उचलली आणि निघाले. बर्फात पार्क केलेली माझी गाडी निघेना, तर तू चपला घालून, तशीच, फावडं घेऊन बाहेर आलीस, चाकाखालचा बर्फ काढलास आणि आत गेलीस.

आता तुला न सांगितलेल्या दोन गोष्टी.

पहिली: दुसऱ्याच दिवशी मी त्या कर्नलच्या पत्रांची रीळ दुसऱ्या राज्यातल्या लायब्ररीतून मागवली. डेलियाच्या गावासमोर, नदीपलीकडे त्याचा तळ होता. तुला खोटं पाडायला मागवली की खरं ठरवायला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो. मी तो कोरा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसरी: मी पुण्याला आईला फोन केला. माझा जन्म जुन्नरला, आजोळी. विचारलं, सुईण कोण होती? आई म्हणाली, "होती गं गावातली. तिच्याच हातून तुम्ही तिघं झालात." नाव? "नाव कुणी विचारायचं नाही," आई म्हणाली. "सुईण म्हणूनच हाक मारायचो."

हे तुला सांगायला तोंड नव्हतं माझं. म्हणून मी फोन केला नाही. पाच आठवडे. आणि मग तुझा मेसेज आला माझ्या मशीनवर. टेप मी काढून ठेवली आहे. मागे कुकरची शिट्टी आहे. "ए लायब्ररी, फोन कर. रुसवा पुरे झाला. तुला एक गंमत सांगायची आहे, फोनवर नाही सांगणार, ये इकडं. मेथी आणली आहे."

मी म्हटलं, शनिवारी जाऊ. म्हटलं, रीळ आली की घेऊनच जाऊ, हात रिकामे नकोत. शुक्रवारी दुपारी मैत्रीचा फोन आला. तू खुर्चीत बसल्या बसल्या गेली होतीस. तिनं मला आधी इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत सांगितलं, जसं काही मराठीत सांगितल्याशिवाय ते मला कळणार नव्हतं. "वसूमावशी, आई गेली."

अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील म्हणताना मैत्री एकदाही अडखळली नाही. तुला वाटायचं तिला येत नाही. तिला सगळं येतं, ताई. मिसेस रॉस चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. त्यांची वेणी कुणीतरी घातली होती, पण सैल. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "नर्स व्ही मला म्हणाली होती, तुमच्या आजीचं काम पक्कं झालं. झालं का?"

मी म्हणाले, बघते.

म्हणजे माझ्यावर काय पडलं होतं ते तुला कळलं असेल. फलक माझ्याकडे. तू नाहीस. नव्वदीची बाई, तिला एकदा आयुष्यात ते वाक्य ‘असं म्हणतात’शिवाय वाचायचं आहे. आणि माझी ती कात्रीची ओळ मधे आडवी.

मंगळवारी रीळ आली. कर्नल आपल्या वरिष्ठाला लिहितो, ‘जिला रस्त्यावर कुणी अडवत नाही, ती बाई आज पुन्हा येऊन गेली.’ मग आकडा. नऊ गाड्या. मी वहीची फोटोकॉपी उघडली: नऊ रेघा, ठिपका नाही. पुढचं पत्र, चौदा. वहीत चौदा. पुढचं, अकरा. तारीख एका दिवसानं पुढे, आकडा तोच! एक दिवस तिला नदी उतरायला लागला असेल, हे मी, मी वसुधा, तुझ्याऐवजी मोठ्यानं म्हणाले. बाकीच्या अकरा ओळींबद्दल पत्रांत काही नाही. रीळच अर्धी जळकी आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, तीन पुरे नाहीत का, तुला काय कर्नलनं घरी येऊन सांगायला हवं?

पुरे होते. जवळजवळ. कात्री अजून टोचत होती.

गुरुवारी मैत्री कॉलेजातून परस्पर माझ्याकडे आली. तुझे कागद आवरत होती. तिनं एक फोल्डर पुढे केलं. "धिस वन हॅज युअर नेम ऑन इट. म्हणजे, युअर अदर नेम." वर तुझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: लायब्ररी.

आत त्याच पानाची फोटोकॉपी. कात्रीच्या ओळीभोवती लाल पेननं गोल, आणि समासात:

‘ए लायब्ररी, एवढं शिकलीस आणि एवढं सुचलं नाही? मिसेस रॉसची आई कुणाची मुलगी? डेलियाची. त्या दिवशी बाळंतीण कोण होती? डेलिया. कात्री म्हणजे तिचं स्वतःचं घर. जी स्वतः आडवी आहे ती आपली वार बघणार कशी? आई म्हणायची, जे आपल्या डोळ्यांनी बघितलं, हातात घेऊन तपासलं, त्याचाच ठिपका. माझ्या जन्माची रेघ दारामागं होती. तिच्यापुढं पण ठिपका नव्हता. लहानपणी मला वाटायचं माझंच काही राहून गेलं. ये लवकर. मेथी सुकते आहे.’

ताई, मी हसायला लागले. मैत्री घाबरली. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, ती ओळ, ती कात्री, आणि तिला समजलं तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "वेट. वेट. सो शी वुडन्ट फेक इट? स्वतःसाठी पण नाही?" मी म्हटलं, नाही. तिनं बघितलं नाही, म्हणून तिनं लिहिलं नाही. माझ्या साऱ्या शिक्षणात याहून कडक नियम मला कुणी शिकवला नव्हता. मी डेलियाला पुराव्याबद्दल शिकवायला निघाले होते! आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून हसत होतो, आणि कधी रडायला लागलो ते कळलं नाही. मग मी विचारलं, "तुझ्या आजीचं नाव काय होतं? आईची आई." मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. "सीताबाई," ती म्हणाली, आणि मी ते तिथंच फोल्डरवर, तुझ्या अक्षराखाली लिहून ठेवलं.

काल शनिवार होता. तळघरातला हॉल, घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं भांडं, भिंतीला टेकवून फलक. मला माणसांपुढे बोलायची किती भीती वाटते ते तूच जाणतेस. मी कागद काढला आणि मग तो खाली ठेवला. वाचलं नाही, बोलले. पोकळ ठिपक्याचं सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका "म्म्म" म्हणाल्या, त्या चर्चमध्ये म्हणतात तसं, आणि मला वाटलं आपण उडतो आहोत. युद्धाआधी डेलियानं पळून आलेल्या गुलामांना बाळंतिणीच्या खाटेखाली लपवलं होतं आणि शोधायला आलेल्यांना दारातच "कळा चालू आहेत, पुरुषांनी आत यायचं नाही" म्हणून परतवून लावलं होतं, ती मिसेस रॉसची आवडती गोष्टही मी सांगितली. सगळा हॉल हसला. मग गाड्या. नऊ, चौदा, अकरा. मग तुझी आई. दारामागचा कोळसा. मी सीताबाई हे नाव मोठ्यानं घेतलं, आणि तिथल्या एका बाईंनी ते आपल्या जिभेनं पुन्हा म्हणून बघितलं.

शेवटी मी फलक वाचला. ‘युद्धात ती शत्रूच्या हद्दीत राहून हेरगिरी करत होती.’ एवढंच. आधी काही नाही. खाली दोन नावं, तुझं पहिलं.

मिसेस रॉसनी चाक फिरवत आपली खुर्ची फलकाजवळ नेली, बोट ठेवून ते वाक्य वाचलं, आणि परत वाचलं. मग मला म्हणाल्या, "माझ्या आईची ओळ दाखव."

मी तुझी फोटोकॉपी त्यांच्या मांडीवर ठेवली. लाल गोल, तुझी मराठी. त्यांनी समासावर बोट टेकवलं. "ही नर्स व्ही काय म्हणते?" मी सांगितलं. त्या हसल्या, सगळे शाबूत दात दिसले.

"आजी त्यानंतर पन्नास वर्षं जगली," त्या म्हणाल्या. "म्हणजे काही आत राहिलं नव्हतं. मी तिला बघितलंय. मी साक्ष देते. पेन्सिल आहे का?"

ताई, मी पेन्सिल दिली. फोटोकॉपीवर, मूळ वहीवर नाही. तेवढी लायब्ररी माझ्यात अजून आहे. मी कागद घट्ट धरून ठेवला. ओळीच्या शेवटी त्यांनी ठिपका काढला आणि गोल गोल फिरवत नीट भरला.

मग त्यांनी पेन्सिल माझ्याकडे परत केली. मी मैत्रीला बोलावलं, फोल्डर उघडलं, आणि सीताबाईंच्या नावाशेजारी तुझ्यासाठी एक रेघ ओढली. तुझ्या आईनं तुला हातात घेऊन वाढवलं, तू साठ वर्षं जगलीस, शेकडो माणसांना उठवून बसवलंस, एका भित्र्या बाईला बोलायला लावलंस. शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

रेघेपुढचा ठिपका मैत्रीनं काढला.